रक्तातील विकरांची तपासणी आणि मधुमेही रुग्ण : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात औषधांना जेवढे स्थान मिळते तेवढे तपासण्यांना मिळत नाही. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो येथे लागला हे सर्वसामान्य वाचकासही ठाऊक असते; परंतु ज्या साध्या रक्ततपासणीच्या आधारावर मधुमेही रुग्णाची औषधे वर्षानुवर्षे चालू ठेवली जातात किंवा बदलली जातात, त्या तपासणीचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. प्रस्तुत लेखात या तपासण्यांपैकी विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या, तपासणीचा मागोवा यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात घेतलेला आहे.

एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज ही नावे आज तालुक्याच्या गावातील रुग्णालाही परिचयाची आहेत. अहवालाच्या कागदावर एक आकडा असतो, त्याच्या बाजूला सामान्य मर्यादा छापलेली असते आणि आकडा मर्यादेबाहेर गेलेला असेल तर तो ठळक अक्षरांत दिसतो. डॉक्टर कागदावर नजर टाकून ‘नॉर्मल आहे’ असे सांगतात आणि तो कागद घरी जाऊन एखाद्या पिशवीत पडतो वा हरवतो. या लेखाचा रोख त्या हरवलेल्या कागदाकडे आहे. विकराचा एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. त्याच व्यक्तीच्या आधीच्या आकड्याशेजारी ठेवल्यावर त्याला अर्थ प्राप्त होतो. ही गोष्ट सर्वत्रच खरी असली तरी यवतमाळ जिल्ह्यात तिला विशेष महत्त्व आहे. कारण येथील भूजल, येथील काही समाजांत आढळणारा आनुवंशिक रक्तविकार आणि येथील कापसाची शेती या तिन्ही गोष्टी रक्तातील विकरांवर आपापली खूण ठेवतात.

सोळा तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार लोकसंख्येचा हा जिल्हा मुख्यत्वे कोरडवाहू आहे. मधुमेह हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार असा समज येथे दीर्घकाळ होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७० च्या दशकात पुण्यासह सहा केंद्रांवर केलेल्या पाहणीत शहरी भागात २.१ टक्के व ग्रामीण भागात १.५ टक्के इतकेच प्रमाण आढळले होते. याच परिषदेच्या ‘इंडियाब’ या अभ्यासाचे पहिल्या टप्प्यातील निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा महाराष्ट्रातील प्रमाण ८.४ टक्के होते. शहरी भागात १०.९ तर ग्रामीण भागात ६.५. दोन्ही पाहण्यांतील निदानाचे निकष वेगवेगळे असल्यामुळे हे आकडे थेट वजाबाकी करून वाचता येत नाहीत. तथापि ग्रामीण महाराष्ट्रातील मधुमेह आता अपवाद राहिलेला नाही, एवढे त्यांतून निश्चित दिसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच अभ्यासाच्या अंतिम निष्कर्षांनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेलेली आहे.

मूत्रपरीक्षेकडून रक्तपरीक्षेकडे

मूत्राला मुंग्या लागण्याचा उल्लेख प्राचीन आयुर्वेदीय परंपरेत येतो. प्रमेहाचे निरीक्षण ही भारतीय वैद्यकाची जुनी मिरास आहे. आधुनिक काळात तिची जागा बेनेडिक्टच्या द्रावणाने घेतली. अमेरिकन रसायनतज्ज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार केलेल्या या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून परीक्षानळी उकळली की साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी रंग येतो. ज्या दवाखान्यात स्पिरिटचा दिवा होता त्या प्रत्येक दवाखान्यात ही तपासणी होऊ शकत होती. तिची मर्यादा मात्र मोठी होती. रक्तातील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. त्यामुळे नळीतील निळा रंग पाहून निश्चिंत झालेल्या रुग्णाची साखर प्रत्यक्षात वाढलेली असू शकत होती.

रक्तातील साखर मोजण्याची फोलिन व वू यांची पद्धत १९२० च्या सुमारास रूढ झाली. तिच्यात तांब्याच्या क्षाराचे क्षपण करणारा रक्तातील प्रत्येक पदार्थ मोजला जात असे आणि म्हणून येणारा आकडा खऱ्या ग्लुकोजपेक्षा थोडा अधिक असे. ही त्रुटी दूर झाली ती विकरांच्या साहाय्याने, आणि येथूनच मधुमेहाच्या इतिहासात विकरांचा प्रवेश होतो.

विकराची दोन रूपे

मधुमेहाच्या तपासणीत विकर दोन भूमिकांतून येते. एका भूमिकेत ते मोजण्याचे साधन असते आणि दुसऱ्या भूमिकेत तेच मोजले जाते. या दोन्हींची नेहमी गल्लत होते, म्हणून हा भेद येथे स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

पहिल्या प्रकारचे प्रमुख उदाहरण म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज. डेन्मार्कमधील डेटलेफ म्यूलर याने १९२८ साली बुरशीतून हे विकर शोधले. ते अन्य शर्करांना जवळजवळ स्पर्श न करता ग्लुकोजचेच ऑक्सिडीकरण करते. केंब्रिजमधील डेव्हिड केलिन व हार्ट्री यांनी १९४८ मध्ये त्याचा उपयोग ग्लुकोज मोजण्यासाठी करून दाखविला. याच केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोमचे कार्य प्रकाशात आणले होते. आणि वनस्पतींच्या ऊतींमध्येही सायटोक्रोम ‘सी’ असते हे केंब्रिज येथेच सिद्ध करून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविणाऱ्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, या मराठी जीवरसायनतज्ज्ञ होत्या. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी पुढे अनेक वर्षे अध्यापन केले. महाराष्ट्रातील जीवरसायनशास्त्राच्या अध्यापनाचा विकरविद्येशी असलेला हा जुना संबंध फारसा स्मरणात ठेवला गेलेला नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

१९५६ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज लावलेल्या कागदी पट्ट्या अमेरिकेत बाजारात आल्या व उकळण्याचा खटाटोप संपला. १९६२ मध्ये लेलंड क्लार्क यांनी विकर आणि विद्युदग्र यांची सांगड घातली. आजचे ग्लुकोमीटर हे त्याच कल्पनेचे अपत्य होय. ट्रिंडर यांनी १९६९ मध्ये सुचविलेली रंगमापन पद्धत तर आजही जिल्ह्याजिल्ह्यांतील प्रयोगशाळांत ‘जीओडी-पीओडी’ या नावाने चालू आहे. तात्पर्य, उपकेंद्रात बोटाला सुई टोचून घेणारा मधुमेही नकळत विकराचाच उपयोग करीत असतो.

दुसरी भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. शरीरातील पेशींना इजा झाली की त्यांच्यातील विकरे रक्तात झिरपतात आणि त्यांच्या प्रमाणावरून इजेचा अंदाज बांधता येतो, हे या तपासणीमागचे तत्त्व. स्वादुपिंडाच्या विकारांत अमायलेजचे मापन १९०८ पासून होऊ लागले होते. अल्कलाइन फॉस्फटेजचा हाडांशी असलेला संबंध रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये दाखविला. खरी क्रांती मात्र १९५४-५५ मध्ये झाली. न्यूयॉर्क येथील लाड्यू, व्रोब्लेव्स्की व कारमेन यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तात एक ट्रान्सअमायनेज वाढते असे दाखवून दिले. पाठोपाठ यकृताच्या विकारांत दुसरे ट्रान्सअमायनेज वाढत असल्याचे आढळले. पहिले एसजीओटी व दुसरे एसजीपीटी. आज त्यांची अधिकृत नावे अनुक्रमे एएसटी व एएलटी अशी असली तरी आपल्याकडील अहवालांतून जुनी नावे गेलेली नाहीत.

कारमेन यांच्या पद्धतीला अतिनील किरणांवर चालणारे महागडे उपकरण लागत असे. ही तपासणी जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचली ती राइटमन व फ्रँकेल यांच्या १९५७ च्या पद्धतीमुळे. रक्तजल ठराविक द्रावणात मिसळून ३७ अंश तापमानाच्या जलपात्रात ठेवावयाचे, एसजीपीटीसाठी अर्धा तास व एसजीओटीसाठी एक तास. नंतर हायड्राझिनचे संयुग व शेवटी सोडिअम हायड्रॉक्साइड घालून येणारा तपकिरी रंग साध्या कलरीमीटरवर वाचावयाचा. जलपात्राचे तापमान स्थिर राहणे ही या पद्धतीची अट होती. भारनियमनाच्या काळात ती पाळणे किती कठीण असेल याची कल्पना विदर्भातील वाचकास सहज करता येईल.

यवतमाळमधील रुग्णास विशेष तपासणीसाठी नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागण्याची परंपरा जुनी आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, तर सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ चे. यवतमाळ येथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये स्थापन झाले. कापसाच्या भावाची, पावसाची व सारावसुलीची या जिल्ह्यातील नोंद, तो ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जात होता त्या काळापासूनची, परिश्रमाने जुळविता येते. १९०५ मध्ये नाव बदलले तरी दप्तर चालू राहिले. प्रयोगशाळांच्या नोंदवह्या मात्र अभिलेख म्हणून जपण्याची पद्धत आपल्याकडे रुजलीच नाही. त्यामुळे या जिल्ह्यातील रक्ताचा इतिहास आकड्यांत मांडता येत नाही. पद्धती व संस्था यांच्या आधारेच तो उभा करावा लागतो.

त्यातच एककांचा प्रश्न होता. एकच विकर कुठे राइटमन-फ्रँकेल एककांत, कुठे कारमेन एककांत, तर अल्कलाइन फॉस्फटेज किंग-आर्मस्ट्राँग एककांत दिले जाई. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय विकर आयोगाने मिनिटाला एक मायक्रोमोल असे समान एकक सुचविले, तरी जुन्या एककांचा वापर पुढे कित्येक दशके सुरूच राहिला. परिणामी दहा वर्षांपूर्वीचा कागद जपून ठेवणाऱ्या दक्ष रुग्णालाही आपला जुना आकडा नव्याशी ताडून पाहता येत नसे.

मधुमेहाशी नाते

आरंभी ही विकरे कावीळ व हृदयविकार यांच्यासाठीच मागविली जात. मधुमेह्याच्या बाबतीत त्यांचे महत्त्व उशिरा ध्यानात आले. मेयो क्लिनिकमधील लुडविग व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मद्यपान न करणाऱ्या व्यक्तींच्या यकृतातील चरबी व दाह यांचे वर्णन केले आणि त्यांतील अनेकांना स्थूलता व मधुमेह असल्याचे नोंदविले. या आजारास दीर्घकाळ ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ म्हटले गेले. २०२३ मध्ये त्याचे नाव बदलून चयापचयाशी निगडित मेदयुक्त यकृत या अर्थाचे नाव स्वीकारण्यात आले.

येथे ‘कापूस वेचणारा सडपातळ मजूर आणि चरबीयुक्त यकृत यांचा काय संबंध?’ असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून मिळते. याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ इतकाच, पण युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीराचे याहून सोपे प्रात्यक्षिक सापडणे कठीण. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील ग्रामीण लोकसंख्येच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बहुसंख्य व्यक्ती सडपातळ असताना ८.७ टक्के लोकांत हा यकृतविकार आढळला. एएलटी वाढलेले मात्र २.३ टक्के लोकांतच होते. म्हणजे यकृतात चरबी असलेल्या चौघांपैकी सुमारे तिघांचा अहवाल विकरांच्या दृष्टीने ‘नॉर्मल’ होता.

हा ‘नॉर्मल’ शब्द कोठून आला, हेही पाहिले पाहिजे. एएलटीची ४० एककांची रूढ मर्यादा निरोगी समजल्या गेलेल्या गटांवरून ठरली. त्या गटांत न ओळखलेले चरबीयुक्त यकृत असलेल्या व्यक्तीही होत्या. इटलीतील संशोधकांनी २००२ मध्ये अशा व्यक्ती वगळून हिशेब केला तेव्हा पुरुषांसाठी ३० व स्त्रियांसाठी १९ अशी मर्यादा आली. मर्यादा हा निसर्गनियम नव्हे, तो एक ठराव आहे. तो कुणाच्या रक्तावरून झाला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

औषधांच्या देखरेखीसाठी विकरे तपासण्याचा सर्वांत बोधप्रद प्रसंग ट्रोग्लिटाझोन या औषधाचा आहे. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या मधुमेहरोधक औषधामुळे काही रुग्णांचे यकृत निकामी झाले. ब्रिटनमध्ये ते त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मागे घेण्यात आले. अमेरिकेत मात्र औषध चालू ठेवून विकरांची तपासणी अधिकाधिक वेळा करण्याच्या सूचना एकामागून एक दिल्या गेल्या. दोन गोष्टी उघड झाल्या. एक, सूचनेबरहुकूम दर महिन्याला तपासणी फारच थोड्या रुग्णांची होत होती. दोन, काही रुग्णांत सामान्य आकड्यापासून यकृत निकामी होण्यापर्यंतचा प्रवास महिन्याच्या आतच घडत होता. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात होणारा घात तपासणीला दिसत नव्हता. मार्च २००० मध्ये औषध तेथूनही मागे घेण्यात आले. याउलट, मधुमेहींना मोठ्या प्रमाणावर दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन औषधांबाबत नियमित यकृतविकर तपासणीची गरज नाही, असे अमेरिकन औषध प्रशासनाने २०१२ मध्ये जाहीर केले. उपचारापूर्वी एक तपासणी आणि नंतर लक्षणानुसार, एवढेच पुरेसे मानले गेले. तपासणी वारंवार केली म्हणजे देखरेख झाली असे नव्हे, ही गोष्ट या दोन उदाहरणांवरून दिसते.

अलीकडे एक वेगळी वाट निघाली आहे. रुग्णाचे वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट या चार साध्या आकड्यांवरून ‘फिब-४’ नावाचा निर्देशांक काढतात. वय व एएसटी यांच्या गुणाकारास, प्लेटलेट (हजारांत) आणि एएलटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावयाचे. तो १.३ च्या आत असल्यास यकृतात गंभीर घट्टपणा असण्याचा संभव कमी समजतात. पन्नास वर्षांच्या मधुमेह्याचे एएसटी ३६, एएलटी ३६ आणि प्लेटलेट दोन लाख असतील तर निर्देशांक १.५ येतो. म्हणजे तिन्ही आकडे छापील मर्यादेत असूनही पुढील तपासणी आवश्यक ठरते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०२३ पासून विकरे सामान्य असली तरीही प्रकार दोनच्या मधुमेहींत हा निर्देशांक पाहावा असे सुचविले आहे. भारत सरकारने त्याआधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, चरबीयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातील सुरुवातीच्या जिल्ह्यांत वर्धा व वाशीम हे यवतमाळचे दोन शेजारी होते.

जिल्ह्याची रक्तातील खूण

हे आकडे यवतमाळमध्ये वाचताना काही स्थानिक बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. केळापूर तालुक्यासह जिल्ह्याच्या अनेक भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकानुसार कमाल मर्यादा. ती ओलांडणारे पाणी वर्षानुवर्षे प्यायलेल्या व्यक्तींच्या हाडांवर परिणाम होतो. अल्कलाइन फॉस्फटेज यकृताप्रमाणे हाडांतूनही रक्तात येते व अस्थिफ्लोरोसिसमध्ये ते वाढते. पांढरकवड्याच्या मधुमेह्याच्या अहवालात हे विकर वाढलेले दिसले तर दोष पित्तमार्गाचा की बोअरवेलच्या पाण्याचा, हे त्या एका आकड्यावरून ठरविता येत नाही.

दुसरी बाब सिकलसेलची. विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्यांच्यातील एलडीएच व एएसटी ही विकरे रक्तात वाढतात. यकृत निर्दोष असले तरीही. एएसटी वाढले की फिब-४ देखील वाढतो. शिवाय मधुमेहाच्या देखरेखीची आजची मुख्य तपासणी, म्हणजे ग्लायकेटेड हिमोग्लोबिन, हीच अशा रुग्णांत फसवी ठरते. समुएल राहबर यांनी १९६८ मध्ये तेहरान येथे मधुमेहींच्या हिमोग्लोबिनातील वेगळेपण ओळखले. ही तपासणी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते या गृहीतावर उभी आहे. पेशीच अल्पायुषी असेल तर तिच्यावर साखर चढण्यास वेळ मिळत नाही व आकडा खोटा कमी येतो.

मोहाच्या दारूचा उल्लेखही टाळता येत नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. यवतमाळमध्ये ती व्हावी यासाठी महिलांनी आंदोलने केली. मद्यपानाने जीजीटी वाढते आणि एएसटीचे प्रमाण एएलटीच्या पुढे जाते. मधुमेह्याने हे सांगितले नाही तर आकड्याचा दोष साखरेवर जातो.

नमुन्याच्या प्रवासाचाही परिणाम आहेच. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील पेशी ग्लुकोज खात राहतात व तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते, म्हणून साखरेच्या नळीत सोडिअम फ्लोराइड घालतात. तेच फ्लोराइड अनेक विकरांना रोखते, म्हणून विकरांसाठी वेगळी नळी लागते. झरी जामणीसारख्या तालुक्यातून उन्हाळ्यात खराब रस्त्याने आलेल्या नळीत पेशी फुटलेल्या असल्या की एएसटी व एलडीएच वाढलेले दिसतात. राज्यात २०१७ पासून ‘महालॅब’ योजनेखाली प्राथमिक आरोग्य केंद्रातील नमुने गोळा करून तपासणीसाठी नेले जाऊ लागले. यामुळे तपासणी गावाजवळ आली, परंतु नळीचा प्रवास संपला नाही.

सन २०१७ : न मोजलेले विकर

याच वर्षी जिल्ह्याला एका विकराचे नाव वेगळ्याच कारणाने कळले. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१७ या काळात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करणाऱ्या शेतकरी व शेतमजुरांना मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली. यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस जणांचा मृत्यू झाला आणि रुग्णालयात दाखल झालेल्यांची संख्या आठशेच्या आसपास गेली. कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढलेली होती, बोंडअळीचा प्रादुर्भाव होता आणि फवारा थेट चेहऱ्यावर येत होता. राज्य शासनाने ऑक्टोबरमध्ये विशेष तपास पथक नेमले आणि यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर दोन महिन्यांची बंदी घातली.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अॅसिफेट यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके शरीरातील कोलिनइस्टरेज हे विकर निकामी करतात. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, श्वसनास अडथळा ही लक्षणे त्यातूनच उद्भवतात. या विकराचे मापन अवघड नाही; एलमन यांची रंगमापन पद्धत १९६१ पासून जगभर वापरात आहे. तथापि त्या महिन्यांत जिल्ह्याच्या ठिकाणी ही तपासणी होत नव्हती, ही बाब पुढे तपास पथकाच्या अहवालाच्या निमित्ताने चर्चेत आली. अॅट्रोपिनचा उपचार लक्षणांवरून सुरू करावयाचा असतो, त्यासाठी अहवालाची वाट पाहावी लागत नाही, हे खरे. तसेच बंदी घातलेल्या यादीतील डायफेन्थ्युरॉन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड या रसायनांची क्रिया कोलिनइस्टरेजवर नसल्याने त्यांची बाधा या तपासणीत उमटली नसती, हेही तितकेच खरे. परंतु कोणत्या रुग्णाला कोणत्या विषाची बाधा झाली हे सांगणारा पुरावा त्या शेकडो रुग्णांच्या बाबतीत निर्माणच झाला नाही. नुकसानभरपाई व जबाबदारीनिश्चिती यांच्या वादात या उणिवेचे मोल शेतमजुरांच्या कुटुंबांना चुकवावे लागले.

या प्रसंगाचा मधुमेहाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध रक्तातच आहे. रक्तजलातील कोलिनइस्टरेज यकृतात तयार होते. कुपोषणात व यकृताच्या जुनाट आजारात ते कमी होते. स्थूलता व प्रकार दोनच्या मधुमेहात ते वाढलेले आढळते. त्याची सामान्य मर्यादा अतिशय रुंद असून वरचे टोक खालच्या टोकाच्या दुपटीहून अधिक असते. उदाहरणादाखल, प्रयोगशाळेची मर्यादा ५,००० ते १२,००० एकके आहे असे समजू. एखाद्या मधुमेही शेतकऱ्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा ११,००० असेल आणि फवारणीनंतर तो ६,००० वर आला, तर त्याचे जवळजवळ ४५ टक्के विकर निकामी झालेले आहे. अहवालावर मात्र ‘नॉर्मल’ असेच छापून येईल. मूळ आकडा ठाऊक नसेल तर हा फरक कुणालाही कळणार नाही.

कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून या वर्गातील कीटकनाशके हाताळणाऱ्या कामगारांसाठी नेमकी हीच पद्धत घालून दिली. हंगामापूर्वी त्याच व्यक्तीचा मूळ आकडा घ्यावयाचा. रक्तजलातील कोलिनइस्टरेज मूळ आकड्याच्या ६० टक्क्यांवर किंवा तांबड्या पेशींतील ७० टक्क्यांवर आले की कामगाराला फवारणीपासून दूर ठेवावयाचे. आणि ८० टक्क्यांवर आल्यास कामाच्या पद्धतीची तपासणी करावयाची. तुलना छापील मर्यादेशी नाही, स्वतःशीच आहे. आपल्याकडे फवारणी करणारा बहुधा रोजंदारीचा मजूर असतो. आज एका शेतावर, उद्या दुसऱ्या. त्याचा मूळ आकडा कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न कायद्याने कुणावरही सोपविलेला दिसत नाही.

ग्रामीण जिल्ह्यात निरोगी माणसाचे रक्त सहसा काढले जात नाही. ठराविक काळाने ज्याचे रक्त काढले जाते असा गावातील माणूस बहुतेक वेळा मधुमेही असतो. तीस वर्षांवरील सर्वांच्या तपासणीचा कार्यक्रम २०१८ नंतर आरोग्यवर्धिनी केंद्रांतून सुरू झाल्यापासून अशा व्यक्तींची संख्या वाढली आहे. त्यांतील कित्येक जण जून ते ऑक्टोबर या काळात पाठीवर पंप घेऊन कपाशीत उतरतात. जून महिन्यात साखरेसाठी त्यांची सुई टोचली जाते तेव्हा दुसऱ्या, साध्या नळीत एएलटी, एएसटी यांच्यासोबत कोलिनइस्टरेजही मोजता येते आणि तो आकडा त्यांच्या मधुमेहाच्या पुस्तिकेत, तारीख, पद्धत व एकक यांसह, शाईने लिहून ठेवता येतो. ऑक्टोबरमध्ये तोच माणूस मळमळ व अंधुक दृष्टीची तक्रार घेऊन आला, तर डॉक्टरांनी पहिल्यांदा ती पुस्तिका मागावयाची आहे.